नीळकंठरावांची पाठ

हे मी आजवर कुणाजवळ काढलेलं नाही. बायकोजवळ नाही, सख्ख्या भावाजवळ नाही, देवापुढे हात जोडतो तेव्हाही नाही — तिथे तर मी मुद्दाम दुसऱ्याच गोष्टी बोलत राहतो. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, म्हणूनच बहुधा तुम्हाला सांगणं जमेल. जमेल का? बघू.

लष्कर या आमच्या वस्तीत मला लोक वस्ताद म्हणतात. बाड्याच्या चौकातून चालत निघालो तर दहा जण तरी रामराम करतील. पन्नाशी उलटली तरी माझी पाठ अजून ओळंब्यात आहे. आमचे पूर्वज दख्खनेतून फौजेबरोबर आले, घोड्यावर बसले, तलवारी चालवल्या; माझ्या वाटेला त्यातलं काही आलं नाही, फक्त ही पाठ आली. बाप मुलाला बोट करून दाखवतो — बघ, माणसानं असं चालावं. मी ऐकतो. आणि खाली बघतो. लोकांना वाटतं वस्ताद विनयानं मान खाली घालतात.

जयेंद्रगंजच्या मागच्या गल्लीत आमची तालीम आहे. लाल मातीचा हौदा, एक मल्लखांब, भिंतीला टेकून ठेवलेल्या करेली म्हणजे लाकडी मुद्गल, आणि कोपऱ्यात नाल — म्हणजे मधे भोक पाडलेला गोल दगड, भोकात पकडायला आडवा दांडा. इकडचे पैलवान तो एका हातानं खांद्यावर घेतात. माझ्या गुरूंनी ही तालीम माझ्या हाती सोपवली तेव्हा मी तिशीचाही नव्हतो. त्यांनी मला कुस्तीचे डाव शिकवलेच, पण त्यांचं खरं शिकवणं नवशिक्यांचं होतं. तयार गडी कुणीही आणखी तयार करील, ते म्हणत, पण ज्याला उभं राहता येत नाही त्याला उभं करून दाखव.

उभं राहणं — तुम्हाला वाटेल त्यात शिकवायचं काय? पण पुष्कळ असतं. ताठ उभा राहा म्हटलं की नवखा माणूस छाती फुगवतो, कंबर पुढे काढतो, श्वास कोंडतो. तो ताठपणा नव्हे, ते सोंग. टाचा आणि चवडे दोन्हींवर सारखा भार हवा. गुडघे कुलूप लावल्यासारखे नकोत, जरा सैल. बेंबी किंचित आत. खांदे मागे ओढायचे नाहीत, नुसते खाली सोडायचे. मग मान आपोआप जागेवर येते. पहिला महिना वजनाला हात लावायचा नाही. सूर्यनमस्कार बारा, जोर पाच, बैठका खांबाला धरून. मधेच एक सबंध वाक्य बोलून बघायचं. बोलता आलं नाही तर थांबायचं. आणि वजन उचलायची पाळी येईल तेव्हा ते नडग्यांना चिकटवून घ्यायचं, बूड खाली, पाठ फळीसारखी, नजर समोर. आधी रिकाम्या हातानं शंभरदा.

आणि गुरूंचं सगळ्यात महत्त्वाचं सांगणं — नवशिक्याला स्वतःची पाठ दिसत नाही. त्याला वाटतं सरळ आहे, आणि ती असते धनुष्यासारखी. म्हणून वस्तादानं रोज दोन बोटं त्याच्या कमरेवर ठेवायची. शब्द कामाचे नाहीत. बोटं ठेवली की त्याला कळतं.

ही दोन बोटं मी ठेवली नाहीत. सुरुवात तिथे आहे. पण मला भीती आहे की मी एवढ्यावरच थांबेन आणि तुम्ही म्हणाल, एवढंच ना? नाही. एवढंच नाही.

नीळकंठराव तालमीत आले ते थंडीच्या दिवसांत. दरबारच्या एका कचेरीत ते नक्कलनवीस — म्हणजे दिवसभर जाजमावर मांडी घालून, पुढ्यातल्या उतरत्या डेस्कावर वाकून कागदांच्या प्रती करायच्या. वय चौतीस-पस्तीस. पण पाठीनं साठीचे. मान कासवासारखी पुढे, खांदे कानांपाशी, पोट सुटलेलं. ते दारात उभे राहून म्हणाले, "वस्ताद, वैद्य म्हणाले कसरत करा, नाहीतर चाळिशीत काठी येईल. मला घ्याल का?" आणि वाकून नमस्कार करायला लागले. आधीच वाकलेले, ते आणखी वाकले.

मला त्यांची किळस आली.

घ्या, लिहिलं. इतकी वर्षं मी या भावनेला दुसरी नावं देत आलो. म्हणायचो, मला ढिलाई आवडत नाही, मी शिस्तीचा माणूस. खोटं आहे सगळं. किळस होती. त्यांनी अंगरखा काढला आणि मला ती पाठ दिसली — पांढरी, मऊ, तिळांनी भरलेली, भिजवून ठेवलेल्या कणकेसारखी. पहिल्या दिवशी मी गुरूंच्या सांगण्याप्रमाणे कमरेवर बोटं ठेवली. थंडीतही ती पाठ ओली होती. गार घाम. माझी बोटं त्यात किंचित रुतली. मी हात मागे घेतला आणि धोतराला पुसला. त्यांना दिसलं नाही, पाठ माझ्याकडे होती ना. त्यानंतर पुन्हा कधी मी त्यांना हात लावला नाही. चार पावलं लांब उभा राहून सांगत असे — खांदे सोडा, बूड खाली, हं, ठीक आहे.

ठीक नव्हतं. मला दिसत होतं.

आणि ते माणूस म्हणून कसे होते? तेच तर. वाईट असते तर आज मला बरं वाटलं असतं. पहाटे सगळ्यांच्या आधी येत. हौद्याची माती ओली करून ठेवत. नाकात तपकीर ओढायची सवय मी एकदा नाक मुरडल्यावर त्यांनी सोडून दिली. कचेरीतल्यासारखीच एक वही घातली होती त्यांनी, तिच्यात मी बोललेलं प्रत्येक वाक्य मोत्यासारख्या अक्षरात उतरून काढत. 'बैठकीत श्वास खाली जाताना आत, वर येताना बाहेर. वस्ताद म्हणतात घाई करू नये.' मला दाखवत आणि विचारत, बरोबर लिहिलंय ना? त्या वहीचीही मला चीड यायची. माझे शब्द त्या ओल्या हातांनी लिहिलेले मला बघवत नसत. असा मी होतो. तुम्ही कधी असं कुणाचं भलेपण सहन न होऊन त्याच्यावर डाफरला आहात?

सहा-सात महिने झाले. बारा नमस्कार ते धाप न लागता घालायला लागले. मान थोडी मागे आली होती. त्यांची बायको — मी तिला वहिनी म्हणत असे — एकदा भाजीवाल्यापाशी भेटली तर म्हणाली, "हे आता झोपेतून उठताना कण्हत नाहीत. तुमचे फार उपकार." मी मान डोलावली. उपकार त्यांचे त्यांनीच केले होते स्वतःवर. मी चार पावलं लांब उभा होतो.

मग नागपंचमी आली. त्या दिवशी दरवर्षी आमच्याकडे सकाळी कार्यक्रम असतो. माती पूजतात, मल्लखांब होतो, दोन-चार कुस्त्या होतात, आणि मोहल्ल्यातली प्रतिष्ठित मंडळी बाकांवर बसून बघतात. त्या वर्षी एका सरदारांच्या घरचे पाहुणेही आले होते. मी नवा फेटा बांधला होता. नीळकंठरावांनी आदल्या दिवशी विचारलं, "मी नुसते बारा नमस्कार घालून दाखवले तर चालेल का?" मी नाही म्हणायला हवं होतं, किंवा आनंदानं हो. मी खांदे उडवले.

ते पुढे आले. लंगोट-जांघ्यातला तो देह, आणि समोर बाकांवर पांढरेशुभ्र अंगरखे. कुणीतरी हसलं. मग आणखी कुणी. नीळकंठरावांनी नमस्कार सुरू केले, एक, दोन, तीन, अगदी नीट, श्वास सांभाळून. पाहुण्यांपैकी एक जण माझ्याकडे वळून म्हणाला, "वस्ताद, हेही तुमचेच काय?"

बाक हसला. मी पण हसलो.

त्या क्षणी माझ्या मनात काय होतं ते मी वर्षानुवर्षं उकरून बघितलंय. त्यांना इजा व्हावी असं नव्हतं — असं मी स्वतःला सांगतो, आणि मग विचारतो, कशावरून? मला एवढंच हवं होतं की हा माणूस माझा नाही हे सगळ्यांना दिसावं. त्यानं काहीतरी हास्यास्पद करावं, आपटावं, आणि मी म्हणावं, बघा, सांगून ऐकत नाहीत. बारा नमस्कार संपले. ते हात जोडून उभे राहिले, तोंडावर समाधान. मी त्यांच्याजवळ गेलो आणि हळू आवाजात म्हणालो, "नीळकंठराव, आता नाल उचला."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "उचलू? ते तुम्ही अजून शिकवलं नाही."

"उचला."

माझ्या डाव्या हाताला रामदीन उभा होता. मुरार भागातला गवळी, आमच्यातला सगळ्यात ताकदीचा गडी, नाल रोज त्याच्याच खांद्यावर जायची. तो माझ्या कानाशी म्हणाला, "उस्ताद, बाबूजी की पीठ तो देखो. गोल है. मना कर दो."

मी ऐकलं. मला वेळ होता. तुम्हाला वाटेल सगळं झटकन झालं असेल. नाही झालं. नीळकंठराव नालेपर्यंत चालत गेले, सात-आठ पावलं. तिच्यापुढे उभे राहिले. पाय जुळवले — चूक. गुडघे सरळ ठेवले — चूक. नाल शरीरापासून हातभर लांब — चूक. पाठ वाकली, आणि ती पांढरी पाठ माझ्यासमोर कमानीसारखी झाली. एकेक चूक मी मोजत होतो. माझं कामच ते होतं. एक शब्द पुरला असता. बाकावरची मंडळी पुढे झुकली होती.

नाल जमिनीवरून उठली. खरोखर उठली, वीतभर. आणि त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं — आनंदानं, दाद मागितल्यासारखं.

मग ते खाली गेले. ओरडले नाहीत. काहीतरी पडलं असावं ते शोधायला माणूस जमिनीवर टेकतो, तसे अगदी सावकाश गेले आणि कुशीवर कलंडले. मला आधी वाटलं विश्रांती घेतायत. मग त्यांच्या तोंडातून एक बारीक आवाज यायला लागला, मांजराच्या पिल्लासारखा, आणि तो थांबेना.

धावाधाव झाली. सरदारांकडचे एक वृद्ध गृहस्थ उठून उभे राहिले आणि कडाडले, "नवख्या माणसाच्या हातात नाल दिली कुणी?"

सगळ्यांच्या आधी, स्पष्ट आवाजात, अजिबात न अडखळता मी म्हणालो, "मी नको म्हटलं होतं."

इतकं सहज खोटं बोलणारा माणूस मी कधी झालो? की आधीपासूनच होतो, फक्त कधी गरज पडली नव्हती?

तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. जावंच लागलं, गेलो नसतो तर लोकांनी काय म्हटलं असतं? हे कारण होतं, दुसरं नाही. ते पालथे पडले होते, कमरेवर हळदीचा लेप. डावा पाय बधिर झाला होता. वहिनी मला बघून उठली आणि डोळ्याला पदर लावून म्हणाली, "वस्ताद, ह्यांनी तुमचं ऐकलं नाही. माफ करा ह्यांना."

माफ करा. तिनं माझी माफी मागितली.

नीळकंठरावांनी गालावर टेकलेलं डोकं वळवलं. म्हणाले, "सगळे म्हणतायत तुम्ही नको म्हणालात. मला 'उचला' असं ऐकू आलं होतं." माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

बाहेर कुणीतरी तांगेवाला घोड्याला चुचकारत होता तेवढं आठवतं. ते मला संधी देत होते का? की खरंच स्वतःच्या कानांवरचा त्यांचा विश्वास उडाला होता? मी हे हजारदा उलटंपालटं केलंय. उत्तर काहीही असो, मी जे बोललो ते तेच राहतं. मी त्यांच्या उशाशी बसलो आणि मायेच्या आवाजात म्हणालो, "गर्दीत होतं असं. एकाचं एक ऐकू येतं."

त्यांनी डोळे मिटले. "हो," म्हणाले. "माझीच चूक."

त्या दिवशी पहिल्यांदा, पहिल्या सकाळनंतर, मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. लेप बाजूला असलेल्या जागी, खांद्यावर. थोपटलं. किळस आली नाही म्हणता? आली. पण आता ती माझ्या हाताची होती.

रामदीन त्यानंतर आठवडाभर आला. कसरत करायचा, माझ्याशी बोलायचा नाही. एका सकाळी त्यानं आपला लंगोट आणि तेलाची बाटली उचलली आणि जाताना म्हणाला, "हमने तो कुछ और सुना था, उस्ताद." तो पुन्हा आला नाही. दूध घालायला आमच्या गल्लीत यायचंही त्यानं सोडलं. त्यानं कुणाला सांगितलं का? नाही बहुतेक. सांगितलं असतं तर कळलं असतं. एवढ्या ताकदीच्या माणसाला माझी तोंडओळखसुद्धा नकोशी झाली, आणि मला त्यातून काय वाटलं असेल? सुटलो, असं वाटलं.

नीळकंठराव चार महिन्यांनी उठले. उजवीकडे झुकलेले, काठी टेकत. वैद्यांनी चाळिशीत येईल म्हटलेली काठी पाच वर्षं आधीच आली. मांडी घालून बसणं गेलं, म्हणून कचेरीतलं काम गेलं. घरी पालथं झोपून, छातीखाली उशी घेऊन ते लोकांचे कागद उतरवून द्यायला लागले.

आणि मग मी ते केलं, जे मला नागपंचमीपेक्षाही घाणेरडं वाटतं.

तालमीत नवीन मंडळी यायची त्यांच्यासाठी भिंतीवर नियमांचा फलक लावायचं ठरलं. अक्षर कुणाचं चांगलं? नीळकंठरावांनीच निरोप पाठवला, मी लिहून देतो, तालमीच्या काही उपयोगी पडलो तर बरं वाटेल. मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी ती वही काढली. माझी सगळी वाक्यं तिच्यात होतीच. ते पालथे पडून मोठ्या पुठ्ठ्यावर एकेक नियम रेखत गेले — पहिला महिना वजन नाही, श्वास कोंडू नये, मान आणि खांदे सैल. मी शेजारी बसलो होतो. शेवटी ते म्हणाले, "आणखी काही?"

मी म्हणालो, "लिहा — वस्तादानं नको म्हटलेलं वजन उचलू नये."

टाक दौतीत बुडाला. मग त्यांनी मान न वळवता विचारलं, "'नको म्हटलेलं' लिहू की 'मनाई केलेलं'? फलकावर 'मनाई' जास्त शोभेल."

"मनाई लिहा," मी म्हणालो.

त्यांनी लिहिलं. एकही अक्षर हललं नाही. मी तो पुठ्ठा उन्हात वाळवून नेला आणि हौद्यासमोर टांगला. अजून आहे तिथे.

पुढे काय? पुढे मी त्या फलकाखाली उभा राहून प्रत्येक नव्या माणसाला नीळकंठरावांची गोष्ट सांगायला लागलो. पहिल्याच दिवशी. वस्तादाचं ऐकलं नाही तर काय होतं. लोक गंभीर होऊन ऐकत, त्यांच्यात एकदम शिस्त यायची, फार परिणाम व्हायचा. सांगता सांगता गोष्ट सुधारत गेली. मी एकदा नव्हे, दोनदा ओरडून थांबवलं होतं. मग पुढे धावलोही होतो. मग माझा हात त्यांच्या हातापासून वीतभर उरला होता. हे सगळं मी रचत होतो, आणि सांगताना हात पुढे करून ती वीतही दाखवायचो. माझ्यातली ही कारागिरी आठवली की मला अन्न जात नाही.

ते रस्त्यात दिसले की मी गल्ली बदलायचो. तरी कधी गाठ पडायचीच, आणि आधी नमस्कार त्यांचा यायचा. एकदा संध्याकाळी फूलबागेत गेलो होतो. बाकावर ते बसलेले, शेजारी कुणी कारकून असावा, त्यांच्यासारखाच पुढे मान काढलेला. मी झाडाआड थांबलो. नीळकंठराव त्याला सांगत होते, "खांदे ओढू नका हो, नुसते सोडा. आमचे वस्ताद म्हणतात, छाती फुगवणं म्हणजे सोंग." आणि आपला काठी धरलेला हात सोडवून, स्वतः तिरके होऊन, त्यांनी दोन बोटं त्या माणसाच्या कमरेवर ठेवली. कुठून शिकले? मी तर त्यांच्या कमरेवर एकदाच ठेवली होती. ती एकदाची त्यांनी जपली होती. मी आल्या वाटेनं परत फिरलो.

मग तेव्हा का नाही सांगितलं? तुम्ही विचाराल. माझ्याकडे त्याचं उत्तर आहे, आणि ते अगदी साधं आहे. माझा मान गेला असता. बस. याहून खोल काही नाही, मी पुष्कळ शोधलं.

गेल्या वर्षी नीळकंठराव गेले. छातीचा विकार झाला, वाकलेल्या माणसाला श्वास पुरत नाही. मी खांदा दिला. बाराव्या-तेराव्यानंतर वहिनीनं निरोप पाठवला, एकदा येऊन जा. मी गेलो. घरात दुसरं कुणी नव्हतं. तिनं बसायला पाट दिला, चाय ठेवली, आणि समोर भिंतीला टेकून बसली.

"एक विचारायचं होतं," ती म्हणाली. "मनात राहिलंय. शेवटच्या दिवसांत ह्यांचं सारखं तेच चाललं होतं. म्हणायचे, वस्ताद 'उचला' म्हणाले होते, मी नीट ऐकलं होतं. दोनदा म्हणाले होते. मी म्हटलं, असं कसं होईल, अख्खा मोहल्ला होता तिथे. तर ऐकेनात. मग मी चिडले. म्हटलं, मरताना तरी देवमाणसावर आळ घेऊ नका. तेव्हापासून गप्प झाले. मग बोललेच नाहीत फारसे." ती माझ्याकडे बघत होती. त्या नजरेत संशय नव्हता, शपथेवर सांगतो. तिला फक्त स्वस्थ व्हायचं होतं. "तुम्ही नको म्हणाला होतात ना?"

खोलीत आम्ही दोघंच. तो माणूस गेलेला. माझा मान जायचा तो या एका बाईच्या डोळ्यांत जाणार होता, आणि ती कुणाला सांगायला जाणारी नव्हती. याहून सोपं करून मला कुणी काय दिलं असतं?

मी म्हणालो, "हो वहिनी. मी नको म्हटलं होतं."

तिनं सुस्कारा सोडला. "मग बरं," ती म्हणाली. "मला वाटलं, मी त्यांना उगाच बोलले की काय."

तिनं चाय माझ्यापुढे सरकवली. मी ती प्यालो.

ती अजून त्याच घरात राहते, तालमीपासून दोन गल्ल्या सोडून. एकटी असते. आज सकाळीही मला दिसली, तुळशीला पाणी घालत होती. मी तिला सांगितलेलं नाही.